पाचवी बरणी

घसरगुंडीखालचं गवत बुर्गीनं स्वतः कापलं. हातात रबरी मोजे, गुडघे ओल्या मातीत टेकलेले, आणि कात्री शिवणकामाची. मूठभर गवत तिनं काचेच्या बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी माझ्याकडे दिली.

"लिही. लार्शेनाऊ, बालवाडी, पाच एप्रिल, सकाळी नऊ चाळीस."

मी चिठ्ठी चिकटवली. ही पाचवी बरणी. आधीच्या चार गाडीच्या डिकीत होत्या, चार वेगवेगळ्या गावांतल्या.

"कुंपणापासून किती अंतर?"

"सात पावलं," मी म्हटलं.

"पावलं नकोत. टेप लाव."

पाच मीटर दहा सेंटिमीटर भरलं. कुंपणापलीकडे सफरचंदाच्या झाडांच्या रांगा डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेल्या होत्या. फुलं उमलायची होती, कळ्या नुसत्या गुलाबी झाल्या होत्या. शनिवार होता. बालवाडी बंद होती आणि किल्ली बाईंकडून मागून आणलेली होती.

"हे शेत कुणाचं?" मी विचारलं.

"आमचं," बुर्गी म्हणाली. मग उठून गुडघे झटकताना तिनं सुधारलं, "सेपचं."

सेप तिचा मोठा भाऊ. त्याच्याबद्दल मी ऐकून होते, पण त्याला मी तोवर पाहिलं नव्हतं. बुर्गीच्या ऑफिसात मला तेव्हा चार वर्षं झाली होती.

आता थोडं मागचं सांगते. साउथ टिरोल हा इटलीच्या उत्तर टोकाचा डोंगराळ प्रांत. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्द दक्षिणेकडून उचलून उत्तरेला नेऊन ठेवली आणि जर्मन बोलणारी माणसं आपापल्या घरात बसल्या बसल्या इटलीत आली. मी मूळची बेळगावची, वैजयंती हुंदरे. मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पुण्यात जर्मन शिकले, शिकवलं, मग या प्रांताच्या राजधानीत, बोत्सेनच्या विद्यापीठात आले आणि पहिल्या दिवशी स्टेशनवर गावाचं नाव दोन भाषांत बघून हसले. आमच्याकडे पाटीवरच्या एका नावासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. इथेही कधीकाळी खाल्ल्या होत्या, पण आता दोन्ही नावं शेजारी शेजारी निवांत उभी होती.

बुर्गीचं पूर्ण नाव नोटबुर्गा गाम्पर. तेव्हा वय अठ्ठावन्न. तिकडे साठीच्या बाईलाही नावानं हाक मारतात, 'तू' म्हणतात. ते जिभेवर बसायला मला वर्ष लागलं. तिचे वडील तरुणपणी बंदी असलेला झेंडा झाडावर लावला म्हणून तुरुंगात गेले होते. जर्मन भाषकांचा एक मोठा पक्ष होता आणि लार्शेनाऊत त्या पक्षाला माणसं मत देत नसत, अख्खी घरं देत. बुर्गी त्याच पक्षात वाढली, पंचायतीत निवडून आली. मग तिनं रेंझो नावाच्या इटालियन बोलणाऱ्या रेल्वे कामगाराशी लग्न केलं. जनगणनेच्या वेळी प्रत्येकानं आपण कोणत्या भाषेचे हे लिहून द्यायचं असतं. मुलीच्या फॉर्मवर तिनं ती जागा कोरी ठेवली आणि कोरी का ठेवली ते वर्तमानपत्रात छापून आणलं. त्यानंतर पक्षात तिला जागा उरली नाही. ती ग्रीन पक्षात गेली. त्या पक्षात जर्मन, इटालियन सगळे एकत्र होते आणि तेव्हा तो एका टेबलाभोवती मावत असे. गावात तिला एकच शब्द चिकटला. मराठीत त्याला घरभेदी म्हणतात.

त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. चार वेळा ती प्रांताच्या सभागृहात निवडून आली, प्रत्येक वेळी शहरातल्या मतांवर.

बरण्यांचं कारण एक विधेयक होतं. शाळा, बालवाडी, खेळाची मैदानं यांच्यापासून पन्नास मीटरच्या आत फवारणी करायची नाही, एवढंच. बुर्गी तीन वर्षं त्याच्यामागे होती. सभागृहात पस्तीस जण, आमच्या बाजूनं सतरा. सरकारी पक्षातले डॉक्टर ट्रोयर, मुलांचे डॉक्टर, तिला एकदा जिन्यात म्हणाले होते, "बुर्गी, भाषणं नकोत. एका तरी मैदानावर नको ते सापडलं असं कागदावर दाखव. मी हात वर करीन."

"आपलंच गाव कशाला घेतलंस?" गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं.

"दुसऱ्यांच्या दारातलं गवत कापायचं आणि स्वतःचं दार सोडायचं?" ती म्हणाली. "ते लोक मूर्ख नाहीत, वैजी."

तपासणीचा अहवाल दोन आठवड्यांनी शुक्रवारी आला. चार बरण्यांत औषधांचे अंश होते, पण सगळे परवानगी असलेले. पाचव्या बरणीत आणखी एक नाव होतं. त्या औषधावर दोन वर्षांपूर्वी बंदी आली होती.

बुर्गीनं तो कागद वाचला, टेबलावर ठेवला, परत उचलला. मग खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. मी सकाळीच घातलं होतं. पाणी ताटलीतून खाली सांडलं तरी ती घालत राहिली.

"रविवारी तुला वेळ आहे?" तिनं विचारलं. "मला गाडी चालवायची नाहीये."

रविवारी आम्ही लार्शेनाऊला गेलो. सेप झाडांच्या ओळीत वाकलेल्या फांद्या तारेला बांधत होता. उंच, हाडकुळा माणूस. अंगात तिकडचे शेतकरी घालतात तसा निळा एप्रन. त्यानं आम्हाला येताना पाहिलं आणि काम थांबवलं नाही.

"सेप," बुर्गी म्हणाली.

"हं."

तिनं कागद पुढे केला. त्यानं हात एप्रनला पुसले, चष्मा नसल्यामुळे कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"दोन डबे उरले होते," तो म्हणाला. "किड्यानं गेल्या वर्षी अर्धी बाग खाल्ली."

"पलीकडे पोरं खेळतात."

"वारा खालच्या अंगाला होता."

"सेप."

"होता म्हणतोय ना."

बालवाडीच्या बाजूनं झोक्याची कडी वाऱ्यानं वाजत होती.

"मंगळवारी मी सभागृहात हे वाचणार आहे," बुर्गी म्हणाली. "गावाचं नाव घेणार. शेत कुणाचं, हे कुणीतरी विचारणारच. त्याआधी तू स्वतः सांगितलंस तर मी तुझं नाव तोंडातून काढणार नाही. तुझं तू सांगितलंस तर लोक वेगळं बघतात. कायदाही वेगळं बघतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग मला सांगावं लागेल."

सेपनं पुढची फांदी धरली, तारेला टेकवली आणि गाठ मारली. "आई आत आहे," तो म्हणाला. "भेटून जा. नाहीतर मला बोलेल."

आईंचं वय ब्याऐंशी. आम्ही स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा त्यांनी कुणी काही विचारायच्या आत दोन बशा मांडल्या आणि सूप वाढलं, त्यात पावाचा एकेक मोठा गोळा. बुर्गी या घरात बावीस वर्षांत जेवली नव्हती. ती बसली आणि सगळं संपवलं. आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही कुठली?"

"भारतातली."

"तिकडे भावंडं भांडतात का?"

"भांडतात," मी म्हटलं.

"आणि मग?"

मी सुपातला गोळा चमच्यानं फोडला. आईंनी माझ्या बशीत आणखी एक गोळा टाकला.

सोमवारी बुर्गी दिवसभर शेजारच्या प्रांतात, त्रेंतोला बैठकीत होती. फोन बंद. मी ऑफिसात एकटीच अहवालाच्या पस्तीस प्रती काढत होते. दुपारी अडीचच्या सुमाराला दार वाजलं. दारात सेप उभा होता. अंगात जाकीट, हातात टोपी. बावीस वर्षांत तो बहिणीच्या ऑफिसात पहिल्यांदा आला होता आणि ती तिथे नव्हती.

मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. दहा मिनिटं थांबला, बोलला आणि गेला. मी परत प्रती काढायला लागले.

साडेसहाला बुर्गीचा फोन आला. मागून स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"सगळं तयार?"

"तयार आहे."

"कुणी आलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या आठ वाजता."

मंगळवारी सभागृह भरलेलं होतं. मी सदस्यांच्या मागे सहायकांच्या बाकावर बसले. वर प्रेक्षकांची गॅलरी. दहाच्या ठोक्याला मी वर पाहिलं तर पहिल्या रांगेत कडेला सेप होता. तेच जाकीट, टोपी गुडघ्यावर, आणि हातात चार घड्या घातलेला कागद.

बुर्गीनंही त्याला पाहिलं. तिची मान ताठ झाली, ती मला मागून दिसली.

ती बोलायला उभी राहिली. आधी जर्मनमध्ये, मग थोडं इटालियनमध्ये, अशी तिची पद्धत. घसरगुंडी किती लांब, कुंपण किती लांब, गवत कधी कापलं. पाच गावांची नावं घेतली. बंदी असलेल्या औषधाचं नाव घेतलं. सभागृहात कुजबुज झाली. डॉक्टर ट्रोयर चष्मा वर करून कागद वाचत होते.

मग त्यांनी हात वर केला. "लार्शेनाऊचं हे शेत कुणाचं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? का हे औषध कुठूनही उडत आलेलं असू शकतं?"

बुर्गीनं पेला उचलला, पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवताना ती मागे वळली. सगळ्यांना वाटलं असेल ती एखादा कागद मागतेय. तिनं माझ्याकडे पाहिलं. भुवया किंचित वर गेल्या. मला प्रश्न कळला: सेपनं काही कळवलं का? मी मान हलवली. नाही.

ती पुढे वळली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "योसेफ गाम्पर यांचं. ते माझे भाऊ आहेत. त्यांनी माझ्यासमोर ते कबूल केलं आहे."

वर सेप अर्धवट उठला होता. बुर्गीच्या तोंडून नाव आलं तेव्हा तो तसाच, एक हात कठड्यावर ठेवून, वाकलेला होता. कठड्याजवळचा शिपाई त्याच्याकडे बघायला लागला. सेपनं हातातला कागद जाकिटाच्या खिशात घातला, टोपी चढवली आणि मागच्या दारानं निघून गेला.

अठरा विरुद्ध सतरा. विधेयक मंजूर झालं. डॉक्टरांनी हात वर केला तो मी पाहिला. आमच्या बाकांवर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुणीतरी माझ्या खांद्याला धरून हलवत होतं. बुर्गी बसून होती. बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती.

आता सोमवारी सेप काय म्हणाला ते.

तो दारातच उभा राहून म्हणाला, "ती नाही?"

"संध्याकाळी येईल."

"फोनवर मला जमणार नाही. तू सांग तिला." त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "उद्या मी येतो. वर बसतो. तिनं गवताचं बोलावं, औषधाचं बोलावं, काय बोलायचं ते बोलावं. शेत कुणाचं असं कुणी विचारलं की तिनं गप्प बसावं. मी उठून सांगतो. लिहून आणणार आहे, म्हणजे चुकणार नाही. आणि तिथून सरळ पोलिसात जातो. एवढं माझ्यावर सोड म्हणावं."

मी मान डोलावली.

"म्हणून दाखव," तो म्हणाला.

मी सगळं परत म्हणून दाखवलं. त्यानं एक शब्द दुरुस्त केला. मी 'सभागृहासमोर तुम्ही सांगणार' असं म्हटलं होतं. तो म्हणाला, "तसं नाही. गावासमोर मलाच सांगू दे, असं."

"विसरणार नाहीस ना?"

"नाही."

मी विसरले नाही. मी निरोप दिला नाही.

का दिला नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाठ केल्यासारखं येतं. गॅलरीतून बोलायला परवानगी नसते. शिपाई दोन वाक्यांत त्याला बाहेर काढतील. त्याचं बोलणं इतिवृत्तात येणार नाही. डॉक्टरांना ठाम उत्तर हवं होतं, तेही त्याच मिनिटाला. बुर्गी भावावर विश्वास ठेवून गप्प बसली असती आणि ऐन वेळी त्याची जीभ उचलली नसती, तर तीन वर्षांचं काम गेलं असतं.

माणसं ऐन वेळी कशी गप्प बसतात ते मी पाहिलं होतं. माझे वडील शिक्षक. एकदा त्यांच्या शाळेतला मराठीचा वर्ग बंद करायचं चाललं होतं. शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर मी बोलतो, असं त्यांनी सगळ्या पालकांना सांगितलं होतं. मी बारा वर्षांची, त्यांच्याबरोबर गेले होते. साहेबांनी विचारलं, कुणाची काही हरकत? सगळी सभा माझ्या वडिलांकडे बघायला लागली आणि ते चष्मा पुसत बसले. वर्ग बंद झाला. घरी आल्यावर आईनं चहा दिला.

सेप दारात टोपी फिरवत उभा होता तेव्हा मला ते हात आठवले. हे सगळं खरं आहे. आणि मला जिंकायचं होतं, हेही खरं आहे.

मंगळवारी तो उठला होता. नाव यायच्या आधीच तो उठायला लागला होता. डॉक्टरांनी प्रश्न विचारला, बुर्गी पाणी प्यायली, माझ्याकडे वळली, तेवढ्या वेळात त्यानं टोपी बाजूला ठेवून कठडा धरला होता. मी दोघांनाही बघत होते. पूर्ण सभागृहात एकटीला मला दोघं दिसत होते.

पुढच्या गोष्टी एकामागून एक झाल्या. वर्तमानपत्रांत बुर्गीचा फोटो आला. रोमहून, व्हिएन्नाहून फोन आले. तत्त्वाला जागणारी बाई, असं लिहून आलं. सेपवर खटला झाला. फळबागायतदारांच्या सहकारी संस्थेनं त्याला काढून टाकलं. त्याचं फळ कुणी घेईना. त्या हिवाळ्यात त्यानं बाग मुळापासून उपटली आणि गायी ठेवल्या. पुढच्या निवडणुकीत शहरातली मतंही फिरली, कारण लोक तत्त्वाचं कौतुक करतात पण स्वतःच्या भावाचं नाव घेणाऱ्या बाईची त्यांना भीती वाटते. लार्शेनाऊत तिला नऊ मतं पडली. ती हरली, ऑफिस बंद झालं. मी भाषांतराची कामं घ्यायला लागले, पण दर गुरुवारी तिच्याकडे जेवायला जायचे.

आई वारल्या तेव्हा मी तिला गाडीनं लार्शेनाऊला नेलं. दफन होईपर्यंत ती भिंतीजवळ उभी राहिली, सेप कबरीजवळ. नंतर जेवण असतं. त्या जेवणाला तिला कुणी बोलावलं नाही. परत येताना वळणावळणाचा रस्ता होता. ती समोर बघत म्हणाली, "त्या दिवशी तो कशाला आला होता असं तुला वाटतं?"

कुठला दिवस ते मी विचारलं नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मला वाटतं मला घाबरवायला. समोर बसला की मी बोलणार नाही, असं वाटलं असेल त्याला." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "एक शब्द पाठवला असता तरी मी थांबले असते."

मी गाडी चालवत राहिले. थांबवता आली असती. रस्त्याच्या कडेला जागा होती, बरीच जागा होती.

गुरुवारचं जेवण त्यानंतर सात वर्षं चाललं. दर गुरुवारी सांगता आलं असतं. पहिल्या काही वर्षांत मी शब्द जुळवून जायचे. मग जुळवायचं सोडून दिलं. दात बधिर केल्यावर जीभ लावून बघतात तसं मी अधूनमधून ते बघायचे. जागेवर असायचं, दुखायचं नाही.

बुर्गी गेल्या वर्षी जानेवारीत गेली. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवस बेशुद्ध. मी दोन्ही दिवस शेजारी बसले होते. तेव्हाही बोलले नाही. नर्स सारखी आत-बाहेर करत होती, आणि तिची मुलगी होती.

या एप्रिलमध्ये मी लार्शेनाऊला बसनं गेले. गॅलरीतल्या त्या दिवसाला सोळा वर्षं झाली होती. सेप गोठ्यासमोर बादल्या धूत होता. पंचाहत्तरीच्या पुढचा झाला असेल, पण अजून ताठ. त्यानं मला लगेच ओळखलं.

"भारतातली," तो म्हणाला.

मी त्याला कायम 'तुम्ही'च म्हणत आले होते. "तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. सोमवार, दार, निरोप, संध्याकाळचा फोन. सभागृहातली मान हलवणं. गाडीतलं बोलणंही सांगितलं. जर्मनमध्ये ते सगळं मिळून पाच मिनिटांत संपलं.

नळ चालूच होता. सेपनं तो बंद केला.

"तिला निरोप मिळाला नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मला वाटलं मिळाला, आणि तिनं ठरवलं की माझ्यावर भरवसा नको."

"नाही. तिला काही माहीत नव्हतं."

त्यानं बादली पालथी घातली. दुसरी घातली. तिसरी हातात घेऊन तसाच थांबला.

"तरी मी तिला आईशेजारी जागा दिली," तो म्हणाला. "गावात लोक नको म्हणत होते. मी म्हटलं, भरवसा ठेवला नाही तर नाही ठेवला. मी डबे वापरलेच होते ना. बहीण आहे. कुठे जाईल?"

मी तिच्या दफनाला आले होते, पण ती जागा त्यानं दिली हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं मुलीनं मागून घेतली.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"मला सांगून काय होणार," सेप म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला आज कळलं. मी सोळा वर्षं चुकीचं समजत होतो, आता बरोबर समजेन. तिचं काय? ती तसंच समजून गेली." त्यानं तिसरी बादली खाली ठेवली. "चल."

"कुठे?"

"तिला सांग."

चर्च घरापासून चार मिनिटांवर होतं. तो पुढे चालला, मी मागे. दफनभूमीच्या फाटकाशी तो थांबला. टोपी काढली. "मी इथे थांबतो," म्हणाला. "मोठ्यानं सांग. मनातल्या मनात नको."

कबरीवर लोखंडी क्रूस होता, आईंचं नाव वर, बुर्गीचं खाली. कुणीतरी ताजी फुलं लावली होती आणि माती भिजवलेली होती. शेजारच्या कबरीवर एक बाई झाडलोट करत होती. मी ती जाण्याची वाट बघितली. ती गेली नाही.

रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मी मागे पाहिलं. सेप फाटकाशी तसाच उभा होता. त्याला घाई नव्हती.

"बुर्गी," मी म्हटलं. "सेप आला होता. तो स्वतः सांगणार होता. मी तुला सांगितलं नाही."

झाडणाऱ्या बाईनं वर पाहिलं आणि परत झाडायला लागली.

मी फाटकाकडे आले. सेपनं टोपी घातली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

त्यानं मान डोलावली आणि मनगटावरचं घड्याळ लांब धरून बघितलं. "साडेचारची बस आहे," तो म्हणाला. "ती चुकली तर सहाशिवाय नाही." आणि गायींची वेळ झाली म्हणून तो घराकडे वळला.